वसईचा तिसरा तह

पूर्वी वसईत कुणाला त्याच्या जमिनीचा भाव विचारणं असभ्यपणाचं समजलं जाई. घरात कुणी अंथरुणाला खिळलंय का, असं तोंडावर विचारल्यासारखं ते वाटे; कारण विकायची वेळ आल्याशिवाय भाव काढायचा कशाला? वाडी मोजली जायची ती झाडांवर आणि पाण्यावर. आमची वाडी किती गुंठ्यांची, हे माझ्या आजीला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. ‘तलाठ्याला विचारा,’ म्हणायची. पण बावखलावर रहाटाची पाळी कुणाची कधी, कुणी आपली पाळी संपल्यावरही बैल सोडले नाहीत आणि त्यावरून कोण कुणाशी किती वर्षं बोललं नाही, हा सगळा हिशेब तिच्या जिभेवर होता.

जमिनीच्या व्यवहाराचा इतिहास सांगणारे मात्र आमच्याकडे एकच, मास्तरकाका. आजोबांचे चुलतभाऊ. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आणि मग आमच्या ओट्यावर शिकवत बसले. त्यांचं एक आवडतं वाक्य होतं: ‘वसईत लढाई एकदाच गाजली, बाकी सगळे तह.’ पहिला १५३४ चा. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या धसक्याने हवालदिल झालेला. त्याला समुद्रावरून मदत हवी होती. त्याने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. दुसरा १८०२ चा, डिसेंबरच्या ३१ तारखेचा. यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ दाणादाण उडवल्यावर दुसरा बाजीराव कोकणात उतरला, तिथून समुद्रमार्गे वसईला आला आणि इथे त्याने इंग्रजांची तैनाती फौज कबूल केली. फौजेच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला.

‘दोन्ही वेळा सही करणारा अडचणीत होता,’ मास्तरकाका बोटं मोडत सांगत. ‘दोन्ही वेळा त्याला वाटलं, आत्ताची वेळ निभावून नेऊ, पुढचं पुढे बघू. आणि दोन्ही वेळा कुणी वसईकराला विचारलं नाही.’

मग कुणीतरी हमखास विचारायचं, ‘आणि चिमाजीअप्पा?’ १७३९ चं नाव काढल्याशिवाय वसईच्या ओट्यावरून कुणी उठत नाही. काका हात झटकत. ‘ती कमाई. मी विकल्याचं सांगतोय.’

१९९० च्या आसपास आमच्या आळीत पहिला साठेकरार झाला, तेव्हा त्यांनी त्याला तिसरा तह म्हटलं. लोक हसले. मीही हसलो होतो. माझ्या खिशात तेव्हा नव्या नोकरीचा रेल्वेपास होता आणि इतिहास हा निवृत्त माणसांचा छंद वाटत होता.

बावखल म्हणजे काय, हे वसईबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. समुद्राकडच्या अंगाला वाड्यांच्या मधोमध माणसांनी खणलेलं तळं. विहिरीसारखं बांधीव नाही, गावतळ्यासारखं मोठंही नाही. घर बांधताना जोत्याला माती लागायची, वाडीची भरणी करायला लागायची, ती इथून काढली जायची; खड्डा पावसाने भरायचा. पिढ्यान्‌पिढ्या गाळ काढत राहिल्याने तो खोल होत गेला. काठाला नारळ, कडेला केळीची बेटं, आत म्हशी. पहिल्या जोरदार पावसात शेतातून पाणी वाहायला लागलं की वलगणीचे मासे वर चढायचे आणि त्या रात्री आळीतला एकही पुरुष घरात सापडायचा नाही.

पण बावखलाचं खरं काम दिसायचं नाही. किनाऱ्याजवळच्या रेताड जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोडं हलकं, खारं जड, म्हणून एक दुसऱ्यावर टेकून राहतं. भूजलवाले लोक त्याचा हिशेब सांगतात: वरची गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट उंच असेल, तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी मिळतं. ती एका फुटाने उतरली की खालचं खारं त्याच प्रमाणात वर सरकतं. बावखल तो वरचा फूट सांभाळत होतं. पावसाळ्यात चार महिने पाणी साठवायचं आणि नंतर आजूबाजूच्या विहिरींना जमिनीखालून पाजत राहायचं. आजीला चाळीसचा आकडा ठाऊक नव्हता. ‘बावखल आटलं की विहीर रुसते,’ एवढंच ती म्हणे.

आणि ते एकट्याचं नसे. आमच्या बावखलाला चार कुटुंबं. दोन वाडवळांची, एक ख्रिस्ती कुपारी शेजाऱ्यांचं, एक भंडाऱ्यांचं. गाळ काढायचा तर चौघांनी माणसं द्यायची. मे महिन्यात तळ दिसायला लागलं की ठरायचं, आणि ज्याच्या घरी लग्न त्याला त्या वर्षी सूट. शेजारच्या कुपारी मावशीच्या घरी लग्न निघालं की उंबराचं पाणी, म्हणजे लग्नविधीचं पाणी, आणायला बँड वाजवत बायका आमच्याच काठावर यायच्या, आणि आमची आजी हातातलं काम टाकून ओट्यावर उभी राहायची. भांडणंही तिथेच. एकाचा बैल दुसऱ्याच्या केळीत शिरला एवढ्यावरून दोन घरांत दहा वर्षं अबोला होता असं सांगतात. पण त्या दहा वर्षांत गाळ काढायला दोन्ही घरं आली, न बोलता खणत राहिली. गावातला सलोखा म्हणून आज जे गोडगोड सांगितलं जातं, त्यापेक्षा मला हे जास्त खरं वाटतं. माणसं एकमेकांवर प्रेम करत होती असं नाही, त्यांचं एकमेकांवाचून चालत नव्हतं.

सरकारी कागदावर मात्र या तळ्याची गत वेगळी. आमच्या सातबाऱ्यावर ते पोटखराब्यात. पिकाला निकामी, म्हणून सारा नाही. ज्यावर सारा नाही त्याची किंमत कोण करणार? बांधकामवाला आला तेव्हा तो वाडीचा भाव गुंठ्यावर बोलला आणि पोटखराब्याचं क्षेत्र त्याने ‘वर जाऊ द्या’ म्हणून सोडवून घेतलं.

तो एकदम आला नव्हता. आधी स्टेशन. विरारहून मुंबईला गाडी १८६७ मध्येच धावली. आमच्या पणजोबांच्या पिढीने त्या गाडीने केळी, पानांचे करंडे, फुलं, दूध मुंबईला पोचवलं आणि संध्याकाळी परत वसईत येऊन झोपली. शंभर वर्षं गाडी मालाची होती. मग ती माणसांची झाली. मुंबईत घर परवडेना, तशा वसई रोड, नालासोपारा, विरार इथे स्टेशनाच्या दोन्ही अंगांना इमारती उठू लागल्या. १९८८ मध्ये शासनाने तालुक्यातली हजारो हेक्टर हिरवी जमीन बांधकामाला मोकळी केली, आणि स्टेशनापासून दूर असलेल्या आमच्यासारख्या वाड्यांनाही मोजपट्ट्या लागल्या. पाठोपाठ नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं.

विरोध झाला, आणि लहान झाला नाही. १९८९ पासून हरित वसईची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. तेच ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि पुढे २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. मोर्च्यात देवळातले आणि चर्चमधले लोक एकाच रांगेत चालले. आमच्या घरातून आत्या गेली होती. तिला भाषणं आठवत नाहीत, तहान आठवते; वाटेत एका घराने विहिरीचं पाणी दिलं आणि ते मचूळ लागलं म्हणून ती दचकली होती.

कारण टँकर. नव्या इमारतींना नळ नव्हते. बांधायची परवानगी मिळाली, पाण्याची सोय झाली नाही, आणि ती पोकळी टँकरने भरली. रात्रभर आमच्या पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींवर पंप चालायचे आणि टँकर स्टेशनाकडे जायचे. चळवळीच्या भाषणांत टँकरवाले खलनायक होते आणि ते बरोबरच होतं. पण विहीर कुणाची होती, हे भाषणांत फारसं येत नसे. विहीर आपल्याच माणसाची असायची. त्याला टँकरमागे रोख मिळायचे. केळीला बाजार चांगला मिळेल की नाही ते देवाला माहीत, टँकर मात्र रोज यायचा. मास्तरकाका एका अशा विहीरवाल्याशी ओट्यावर भांडले. तो शांतपणे म्हणाला, ‘मास्तर, तुम्हाला पेन्शन आहे.’ काकांनी त्या दिवशी पुढचा तास घेतला नाही.

मला तिसऱ्या तहाची खरी गोष्ट या उत्तरापासून सुरू होते असं वाटतं. आळीत एकेक सही कशी पडली ते मी वडीलधाऱ्यांकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलंय, कारण सरळ कुणी सांगत नाही. आम्ही विकलं, असं म्हणणारा मला वसईत भेटलेला नाही. ‘गेली’ म्हणतात. जमीन गेली, जणू तिला पाय फुटले. खोदून विचारलं तर कळतं: एकाच्या मुलीच्या लग्नात उचल झाली होती. एकाच्या बायकोचं दुखणं मुंबईच्या इस्पितळात लांबलं. एकाच्या मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि देणगी भरायला आठ दिवस होते. एका घरात भावाभावांत पटेना आणि वाटणी रोख पैशातच सोपी होती. बहिणींना लग्नातल्या जुन्या हौसमौजेची आठवण करून देऊन हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, साडीचोळी दिली. काहींच्या जमिनी कूळकायद्याने मिळालेल्या. १ एप्रिल १९५७ ला कसणाऱ्याची म्हणून जी जमीन बापाच्या नावावर लागली, ती विकायला कलम ४३ ची परवानगी लागायची. तेवढा धीर ना घेणाऱ्याला ना देणाऱ्याला. मग विसार, साठेकरार आणि कुलमुखत्यारपत्र. सही एकाची, पुढचे सगळे अधिकार दुसऱ्याचे. बहादूरशहाने तरी आपण काय देतोय ते वाचलं असेल.

आणि एकेकट्याने केलेल्या सह्यांनी गेलं काय, तर सगळ्यांचं मिळून जे होतं ते. चार कुटुंबांपैकी दोघांनी करार केले, तेव्हा बावखलाचे दोन कोपरे बांधकामवाल्याचे झाले. उरलेल्या दोघांची गाळ काढायची हिंमत सरली. चौघांचं काम दोघांनी का करायचं? दोन-तीन वर्षं गाळ निघाला नाही, पाणी हिरवं पडलं, कुणीतरी कचरा टाकायला लागलं. मग ‘डास होतात’ अशी तक्रार, आणि एका पावसाळ्याआधी रात्री डंपर आले. डेब्रिज, मुरूम, वर लाल मातीचा थर. सकाळी मैदान. आळीतल्या पोरांनी त्यावर क्रिकेट खेळायला सुरुवात केली. म्हाताऱ्यांना धक्का बसला, पोरांना जागा मिळाली. हेही लिहायलाच हवं.

आता जरा दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे नव्या इमारतींत आलेल्यांना अजूनही ‘बाहेरचे’ म्हणतात. त्यात प्रेम नसतं. पण त्यांच्यातल्या एका आजोबांशी माझी ओळख झाली आणि मास्तरकाकांच्या सिद्धांताला जोड मिळाली. परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो कागदोपत्री कधी मिटला ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. नोकरी गेली. चाळीतल्या खोलीत भाऊ, भावजय, आई, चार मुलं. खोलीवरचा आपला हक्क सोडून जे मिळालं त्यात बायकोचे दागिने घातले आणि नालासोपाऱ्याला एक खोली-स्वयंपाकघर घेतलं. कागद बघितले का, असं मी विचारलं. ते म्हणाले, ‘बघणार कोण? परतीची वाट नव्हती.’

म्हणजे या तहावर विकणाराही अडचणीत आणि घेणाराही अडचणीत. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. मधला तेवढा निवांत होता.

मधल्यांची जातही एक नाही, हे न्यायाने सांगायला हवं. काहींनी नीट आराखडे मंजूर करून, नाले सोडून इमारती बांधल्या आणि त्या उभ्या आहेत. पण परवानगीचा कागदच बनावट, आरक्षणाच्या जागेवर इमारत, हेही इथे राजरोस झालं. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवरच्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या, तो प्रकार २०२५ च्या सुरुवातीपर्यंत चालला. बांधणारे कधीच पैसे घेऊन मोकळे झाले होते. सामान रस्त्यावर आलं ते राहणाऱ्यांचं. २०१७ पासून महारेरा आहे, प्रकल्पाची माहिती घरबसल्या बघता येते, हे मोठं काम झालं. तरी पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही. आणि एका वाडीत मावणारी इमारत किती मोठी असते? गावातला छोटा बांधकामवाला नेमका त्या फटीत बसतो. तो बहुतेक वेळा आपल्या वर्गातला, नात्यातला असतो. त्याच्याकडे कागद मागायची चोरी.

२००९ मध्ये चार नगरपालिका आणि पन्नासहून जास्त गावं एकत्र करून वसई-विरार महापालिका झाली. गावांनी ‘आम्हाला वगळा’ म्हणून आंदोलनं केली, प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात राहिलं. आत्या म्हणाली, ‘महापालिका आली म्हणजे गटार तरी होईल.’ गटारं झाली. त्यांच्यातलं पाणी कुठे जाणार, तो प्रश्न राहिला.

जुलै २०१८ मध्ये त्याचं उत्तर मिळालं. वसई-विरार पाण्यात गेली, गाड्या बंद, वीज बंद, मिठागरांतल्या वस्तीला पाण्याने वेढलं. आमच्या आळीत पूर्वी पाऊस कितीही पडला तरी रस्त्यावर पाणी येऊन संध्याकाळपर्यंत उतरत असे. त्या वेळी ते घरात आलं आणि राहिलं. मैदान झालेल्या बावखलावर तोवर तीन मजली इमारत उभी होती. तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात सगळ्यात आधी पाणी भरलं. ते आपल्या जुन्या जागी आलं होतं एवढंच. पूर ओसरल्यावर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई यांची समिती नेमली. त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक होता धारण तलाव, म्हणजे पावसाचं जादा पाणी काही काळ साठवून ठेवायला ठिकठिकाणी तळी. मास्तरकाका ते वाचायला नव्हते. असते तर मोठ्याने हसले असते आणि मग खर्चाचा आकडा विचारला असता.

हल्ली काही तरुण मंडळी उरलेल्या बावखलांची नोंद करताहेत, गाळ काढताहेत. मला त्यांचं कौतुक आहे, पण एक शंकाही. रविवारी घोषणा देत गाळ काढायला पन्नास जण येतात. पूर्वी चार घरं यायची, आणि त्यांतली दोन एकमेकांशी बोलत नसायची. पन्नास जणांचा उत्साह एखाद्या वर्षी ओसरू शकतो. चार घरांना पुढच्या उन्हाळ्यात केळी जगवायची होती, त्यांना ओसरण्याची सोय नव्हती. बावखल राखायचं तर त्याच्यावाचून अडणारा माणूस हवा. आता अडतं कुणाचं? इमारतीत सूर्या धरणाचं पाणी येतं, कमी पडलं तर टँकर आहेच. आमच्याकडे इमारतीतल्या एका लग्नात उंबराचं पाणी आणायला बँड निघाला तेव्हा तो जिन्याखालच्या पंपाच्या नळापर्यंत गेला, दोन चाली वाजवल्या, परत आला. मावशीच्या सुनेने हंडा अगदी रीतसर भरला. सोसायटीच्या सेक्रेटरीने फक्त विचारलं, ‘पंप किती वेळ चालू ठेवायचा?’

आमच्या कुटुंबाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, मुख्य वाडीच्या मागचा. त्यात दुसऱ्या एका बावखलाचा निम्मा भाग येतो. सातबाऱ्यावर आता अकरा नावं आहेत; त्यांतली तीन माणसं वसईत, बाकीची पुण्यात, बडोद्यात, एक कॅनडात. विकसन कराराचा मसुदा फिरतोय. चुलतभावाला घाई आहे आणि त्याची अडचण खरी आहे. ती इथे लिहिण्यासारखी नाही. अडचणीतल्या माणसाला इतिहास ऐकवायचा नसतो, एवढं मी विहीरवाल्याच्या उत्तरातून शिकलो. पण मसुदा मागवून वाचला. सर्व्हे नंबर आहे, क्षेत्र आहे, कुणाला किती सदनिका ते आहे, पार्किंग आहे. बावखलाचा उल्लेख नाही.

फोन केला तर तो म्हणाला, ‘कागदात ते कुठेच नाहीये, पोटखराबा आहे. जोत्याखाली जाईल.’

मी म्हटलं, आधी मोजणी करून घेऊ. बावखलाची हद्द नकाशावर येऊ दे, तेवढी जागा मोकळी सोडायची अट करारात घालू, आणि त्यापायी माझ्या वाट्याचं क्षेत्र कमी झालं तरी चालेल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, बांधकामवाला ऐकणार नाही. मी म्हटलं, विचारून तर बघ. बावखल भरून उभ्या केलेल्या इमारतीच्या लिफ्टचं दरवर्षी काय होतं, ते त्यालाही माहीत आहे.

भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज भरलाय, फीही भरलीय. अकरापैकी सहा जणांनी संमती दिली. कॅनडातल्या भाचीने उलट एक प्रश्न पाठवला, जो इतक्या वर्षांत आमच्यातल्या कुणी विचारला नव्हता: बावखलाचा उरलेला निम्मा भाग ज्यांचा आहे, त्यांना कुणी विचारलंय का? ते मावशीच्या माहेरचे लोक. येत्या रविवारी त्यांच्याकडे जायचं ठरलंय.